समासातल्या बायका

त्या काळात जुन्या कादंबऱ्या कुणी वाचत नसे; लोक त्यांना भेटायला जात.

कथागृहातल्या काचेपलीकडे अंबू उभी होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीची ही नायिका. विधवा, निपुत्रिक, गावच्या मास्तरांवर जीव जडलेली. शेवटच्या पानावर मास्तरांची बैलगाडी परसात येऊन थांबते, अंबू मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवते आणि कादंबरी संपते. तिने कडी काढली की नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले.

तो वाद मिटवायचाच, असा चंग डॉ. हेरंब खरवंडीकरांनी बांधला. त्यांच्या यंत्राने पुस्तकातल्या शब्दांवरून अंबूचं मन घडवलं. अशा मनाला ते 'पात्रजीव' म्हणत. पात्रजीव शेवटच्या पानापुढेही जगतो, आपले निर्णय आपण घेतो. पण अंबू वर्षभर कडीवर हात ठेवून तशीच उभी होती.

मैथिली सांगावकर रोज तिच्याशी बोलायला येई. मैथिलीही विधवा, पंचावन्नची. दिवाकरशी लग्न करायचं तिच्या मनात होतं, आणि तेव्हापासून मुलाने बोलणं टाकलं होतं. आज दिवाकर खाली गाडीत थांबला होता. अंबू निघाली तर आपणही निघायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. हसू नका, लोक देवाला कौल लावतात, तिने अंबूला लावला.

"अंबू, का गं थांबलीस?"

"बाहेर बायका बोलताहेत, ताई."

डॉक्टर चमकले. "परसात मास्तरांशिवाय कुणीच नाही. कादंबरीत बायका आहेत कुठे?"

त्यांनी मूळ प्रत काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. जगात उरलेली ती एकच प्रत, तीही वाचनालयाची. आता वाचनालयाचं पुस्तक म्हटल्यावर आपल्या लोकांचा हात स्वस्थ राहतो थोडाच! समासात पेन्सिलीने शेरे मारलेले होते. 'निर्लज्ज!' 'जनाची नाही तर मनाची तरी!' 'आईबापांच्या तोंडाला काळं फासणार ही.'

"यंत्राला छापलेलं काय आणि पेन्सिलीचं काय, सारखंच," डॉक्टर म्हणाले. "अंबूच्या आसपास आलेला प्रत्येक शब्द तिच्या जगात आवाज होऊन राहतो. बिचारी वर्षभर हेच ऐकतेय."

"मग पुसा ना हो ते!" मैथिलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेरे पुसले गेले. अंबूने मान वर केली, कानोसा घेतला. तिच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. कडी निम्मी सरकली. मैथिलीने पर्स उचलली.

अंबूचा हात थांबला.

"अजून एक बाई आहे," ती हळूच म्हणाली. "ती म्हणते, मुलगा काय म्हणेल?"

अंबूला मूल नव्हतं. या काचेसमोर बसून ते वाक्य रोज मैथिलीच बोलत आली होती.

अंबूने कडी परत लावली.

"तुमचाही आवाज पुसतो," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "यंत्रातून लगेच जाईल."

"यंत्रातून," मैथिली म्हणाली आणि तिने पर्स पुन्हा मांडीवर ठेवली.

खाली हॉर्न वाजला. काचेपलीकडे अंबूने पहिल्यांदाच दाराकडे पाठ केली.

"ताई," तिने विचारलं, "तुमची गाडी आली का?"