वेशीची किल्ली

‘आत या रे, आत या, रानातले, मळ्यातले; दार लागतंय, दिवा लागतोय, मागे राहू नका कोणी.’

सेत्तिमिओ राखणदाराची ही हाक फुल्व्हिओ तार्सेत्तीने लहानपणी रोज तिन्हीसांजेला ऐकली होती. तटावर उभा राहून सेत्तिमिओ ती अशी लांबवायचा, की ऑलिव्हच्या उतारावरची माणसं हातातलं काम टाकून चढणीला लागायची. आवाज जड, पण शेवटच्या ‘कोणी’वर हलकेच खाली यायचा, पाळणा थांबावा तसा.

आज त्याच तटाखाली फुल्व्हिओने गाडी लावली, तेव्हा वर कावळासुद्धा नव्हता.

‘भावजी, जेवणाची वेळ टळून गेली की,’ शेजारी बसलेला मेहुणा ग्वाल्तिएरो म्हणाला. पेरुजियातल्या फुल्व्हिओच्या खाजगी तपासाच्या कचेरीत तो मदतनीस होता. म्हणजे गाडी पुसायचा आणि शंका काढायचा. ‘घंटा कशी ऐकू आली नाही? माझं पोट घंटेवर चालतं.’

‘आज गुड फ्रायडे. कालपासून घंटा बांधून ठेवल्यात. येशू उठेपर्यंत मुक्या.’

‘मग लोक जेवतात कधी?’

‘माणसं लाकडी खडखडा वाजवत गल्लीगल्लीतून फिरतात. त्या आवाजानं मेलेलासुद्धा जेवायला उठेल.’

रोक्कामोराला वेस एकच. वेशीच्या बुरुजातच राखणदाराचं घर. सेत्तिमिओ जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता तिथे त्याचा मुलगा एर्मेते राहत होता. त्याचाच फोन आला होता. तो पुढे आला आणि हात मिळवायच्या ऐवजी त्याने मनगट पुढे केलं. दोन्ही पंजे काळेकुट्ट होते.

‘बिजागऱ्यांना वंगण घालतोय सकाळपासून. वर्षातून एकदाच दार लागतं, आजच्या मिरवणुकीत. कुरकुरलं, की सगळं गाव माझ्याकडे बघतं. हे काळं आता चार दिवस साबणालाही दाद देत नाही.’

‘नीट सांग, काय झालं?’

एर्मेतेने सांगितलं. वेशीची जुनी लोखंडी किल्ली पहाटेच त्याने शेजारच्या छोट्या देवळात नेऊन ठेवली होती, येशूच्या निजलेल्या मूर्तीच्या पायाशी, पांढऱ्या कापडावर. संध्याकाळी ती मिरवणुकीच्या पुढे निघायची. दुपारी सगळे जेवायला घरी गेले. एर्मेतेही बुरुजात जाऊन चण्यांचं कढण जेवला आणि तिथेच लवंडला. जेवणानंतर बायका देवळात आल्या, तर किल्ली नाही.

‘नगराध्यक्ष म्हणाले, मिरवणूक निघायच्या आत किल्ली दिसली नाही तर बुरुजातून बाहेर हो.’ एर्मेते काळ्या हातांकडे बघत राहिला. ‘घर गेलं तर जाऊ दे, फुल्व्हिओ. पण चौकात काय बोलतायत ठाऊक आहे? म्हणतात, बापानं दार उघडलं नाही आणि पोरानं किल्ली विकली. माझं मी बघेन. बाबांना परत कबरीतून उठवतायत, ते मला सोसत नाही.’

युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात फुल्व्हिओ आफ्रिकेत कैदेत होता. पण गोष्ट त्यालाही माहीत होती. माघार घेणारे जर्मन खालच्या रस्त्याने येत होते. वेस बंद झाली होती. नेल्लो नावाचा तरुण मळ्यातून धावत आला, दार ठोठावत राहिला आणि दाराशीच गोळ्यांनी पडला. ‘मी उघडलं नाही,’ एवढंच सेत्तिमिओ म्हणाला. मरेपर्यंत त्यापुढे एक शब्द नाही. त्या दिवसानंतर त्याने तटावरून हाकही दिली नाही.

देवळाची फरशी सकाळीच धुतलेली होती; तिच्यावर बायकांच्या चपलांच्या ठशांशिवाय काही उमटलेलं नव्हतं. चांदीचा दिवा जागच्या जागी तेवत होता. किल्लीखालचं कापड मात्र पसरलेलं नव्हतं. कोपऱ्याला कोपरा जुळवून, चार घड्या घालून, ते मूर्तीच्या पायाशी ठेवलेलं होतं. फुल्व्हिओने ते उजेडात धरलं. दुधासारखं स्वच्छ.

‘चांदी सोडून लोखंड नेलं?’ ग्वाल्तिएरो म्हणाला. ‘चोर आहे की गाढव?’

‘गाढव घड्या घालत नाही.’

देवळाचं दार दोनच ठिकाणांहून दिसत होतं. एक, वेशीजवळ लावलेली शिडी. दुसरी, समोरच्या घराची खिडकी.

शिडीवर शाळेचे ओत्तोरीनो मास्तर होते. ते भिंतीचा जुना चुना खरवडत होते. भुवयांपासून बुटांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. खाली उतरले तर मागे पावलंच पावलं उमटली.

‘या तटाला कमी समजू नका,’ विचारायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. ‘पोपच्या फौजेनं वेढा घातला, तेव्हा आमच्या बायकांनी इथून उकळतं पाणी ओतलं होतं. आठवडाभर फौज वर चढू शकली नाही.’

‘आठवडाभर पाणी उकळलं आणि त्यात शेवया टाकायचं कुणाला सुचलं नाही?’ ग्वाल्तिएरोला राहवलं नाही.

मास्तरांनी त्याच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं.

‘हे काम तुम्ही स्वतः का करताय?’ फुल्व्हिओने विचारलं.

‘गवंडी येतोय कुठे! म्हणे, गुड फ्रायडेला खिळा ठोकायचा नाही, सुई धरायची नाही, ते येशूच्या अंगाला टोचतं. अख्ख्या गावात आज एक टाका पडायचा नाही. पण सोमवारी तर पाटी बसवायची आहे.’ त्यांनी खिशातून कागद काढून मोठ्याने वाचलं. ‘“भ्याड हाताने लावून घेतलेल्या या दाराशी आमचा नेल्लो पडला.” हिच्याखाली काचेत किल्ली. किल्लीशिवाय पाटीला अर्थ काय?’

‘भ्याड हात,’ फुल्व्हिओ म्हणाला. ‘हे एर्मेतेला दाखवलंत?’

‘इतिहासाला भीड नसते. झेलिंदाबाईंना मात्र आधी वाचून दाखवलं, गेल्या आठवड्यात. नेल्लोशी त्यांचं लग्न ठरलं होतं ना! काही बोलल्या नाहीत. कंठ दाटला असणार.’

‘दुपारी कुठे होतात?’

‘खडखडा वाजला तसा उतरलो. असाच, चुन्यानं भरलेला. खानावळवाल्यानं आत घेतलं नाही, दारात बसून मासा खाल्ला. विचारा त्याला.’

वाटेत ग्वाल्तिएरो कुजबुजला, ‘हाच. याला किल्लीचा हव्यास आहे.’

‘सोमवारी त्याच्याच काचेत येणारी किल्ली तो शुक्रवारी कशाला चोरेल?’

‘मास्तर लोकांना धीर नसतो, भावजी.’

समोरच्या घरात झेलिंदा खिडकीशी बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, बोटं अजून कोवळी. तिच्या लेसला लांबून मागणी यायची. मांडीवर लेस विणायची ती लांबट, कोंडा भरलेली घट्ट उशी होती; दोन्ही हात उशीवर. टेबलावर धुतलेले रुमाल होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून रचलेले.

‘फुल्व्हिओ! किती वाळलास रे. शहरात जेवायला घालतात की नाही?’

‘याला विचार. माझ्या वाटणीचं हाच जेवतो.’

‘दिसतंयच,’ ती ग्वाल्तिएरोकडे बघून हसली. ‘बाबा, कॉफी तूच कर. चुलीशेजारी सगळं आहे. मला आज उठवत नाही.’

‘दुपारी देवळात कोणी गेलेलं दिसलं?’ फुल्व्हिओने विचारलं.

‘नाही रे. मी इथेच लेस विणत होते. बाराची घंटा झाली, उशी खाली ठेवली, क्रूस केला, चणे चुलीवरून उतरवले. कोणी गेलं नाही, कोणी आलं नाही.’

फुल्व्हिओने मान हलवली. खिडकीबाहेर एर्मेते पुन्हा बिजागऱ्यांशी वाकला होता. झेलिंदा त्याच्याकडे बघत होती, आणि बघवत नसल्यासारखी बघत होती.

‘त्याला खरंच बाहेर काढतील?’ तिने विचारलं.

‘किल्ली नाही मिळाली तर काढतील. आणि गावाला दोन पिढ्यांची एक गोष्ट मिळेल. बाप आणि मुलगा, दोघंही सारखेच.’

तिच्या बोटांनी उशी घट्ट धरली.

कॉफी पिऊन दोघे तटावर गेले. खाली ऑलिव्हचा उतार उन्हात चमकत होता.

‘कळलंय तुम्हाला,’ ग्वाल्तिएरो म्हणाला. ‘कळलं की तुम्ही असं तोंड करता. घरात कोणी गेल्यासारखं.’

‘कळलंय. न कळतं तर बरं झालं असतं.’

मिरवणुकीला अजून अवकाश होता. झेलिंदाला उठवत नव्हतं म्हणून फुल्व्हिओने सगळ्यांना तिच्याच खोलीत बोलावलं. एर्मेते दाराशी उभा राहिला. मास्तरांना खुर्ची दिली, पण चुना लागेल म्हणून तेही उभेच राहिले.

फुल्व्हिओने देवळातलं कापड टेबलावर ठेवलं.

‘किल्ली नेणाऱ्यानं हे हातात घेतलं, घड्या घातल्या आणि ठेवलं. बघा, एक डाग नाही. एर्मेतेच्या हाताला काळं वंगण आहे, चार दिवस न निघणारं. त्यानं नुसतं बोट लावलं असतं तरी दिसलं असतं. किल्ली त्यानं ठेवली ती पहाटे, वंगणाला हात लावायच्या आधी. म्हणजे तो सुटला.’

एर्मेतेने डोळे मिटले.

‘मास्तर चुन्यानं माखलेले. ते चालतात तिथे पावलं उमटतात. देवळाच्या धुतलेल्या फरशीवर चुन्याचा कण नाही. तेही सुटले.’

‘हे सांगायला मला इथे बोलावलंत?’ मास्तर म्हणाले.

‘चांदीला हात लागला नाही, म्हणजे हे पैशासाठी नाही. कुणाला फक्त ही किल्ली नको होती. तिनं काचेत जाऊन बसायला नको होतं. आणि तो हात असा, की येशूच्या पायाशी चुरगळलेलं कापड टाकून जाणं त्याला जमलं नाही. चोरी करतानासुद्धा घड्या घालणारा हात.’ टेबलावरच्या रुमालांकडे तो बघत नव्हता. पण बाकीच्यांनी बघितलं.

‘खरं आठवून सांगणारा त्या दिवसाचं सांगतो,’ फुल्व्हिओ हळू म्हणाला. ‘लपवणारा रोजचं सांगतो. झेलिंदा, तू म्हणालीस, लेस विणत होतीस आणि बाराची घंटा झाली. आज घंटा झाली नाही. बारा वाजता तुझ्या या खिडकीखालून खडखडा गेला. आणि आज अख्ख्या गावात कोणी टाका घालत नाही. तू जे सांगितलंस ते बुधवारचं होतं, मंगळवारचं होतं, तीस वर्षांच्या सगळ्या दिवसांचं होतं. फक्त आजचं नव्हतं. गावातल्या कुणाला हे खटकलं नसतं, कारण तू रोज तेच करतेस.’

‘मग ही उशी...’ ग्वाल्तिएरो बोलता बोलता थांबला.

‘सुई न धरायच्या दिवशी उशी मांडीवर. आलेल्या पाहुण्याला कॉफी द्यायलाही ती उठली नाही. तिच्या घरात असं कधी झालं नसेल.’

झेलिंदाने नाही म्हटलं नाही. एका कडेची उसवलेली शिवण तिने बोटांनी फाकवली, आतल्या कोंड्यात हात घातला आणि किल्ली बाहेर काढून कापडावर ठेवली. कोंड्याचे कण कापडभर सांडले. ते तिने एकेक करून वेचले.

‘झेलिंदाताई,’ एर्मेते म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच ऐकवत नव्हतं. ‘ताई, तुम्ही? चौकात सगळे मला काय काय बोलत होते, ते या खिडकीतून ऐकू येत होतं ना?’

‘येत होतं.’

‘मला एवढंच कळलं नाही,’ फुल्व्हिओ म्हणाला. ‘का? सेत्तिमिओवर राग धरायचा हक्क कुणाला असेल, तर तुला. ती पाटी तुझ्या बाजूची होती.’

‘म्हणूनच,’ झेलिंदा म्हणाली. ‘वाटलं, किल्ली नसली तर पाटी लागणार नाही. काही बोलायला लागणार नाही. सगळं आहे तसंच निघून जाईल, मीही जाईन. पण त्यांनी एर्मेतेला धरलं. पुन्हा त्याच घराला.’

मास्तर काहीतरी बोलणार होते. ग्वाल्तिएरोने त्यांच्या चुनकट बाहीवर हात ठेवला.

ती एर्मेतेकडे वळली. बोलताना तिचे हात रिकाम्या मांडीवर होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

‘तुझे बाबा तटावर होते, एर्मेते. त्यांना नेल्लो येताना दिसला. मी खाली उभी होते. त्यांनी वरून किल्ली माझ्याकडे टाकली. म्हणाले, पोरी, उघड, मी उतरतो तोवर उघड. मी कुलपात किल्ली घातलीसुद्धा. मग गाड्यांचा आवाज आला, चढणीवर बूट वाजायला लागले, आणि माझा हात फिरेना. तुझे बाबा धापा टाकत खाली आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, किल्ली घेतली आणि म्हणाले, तू घरी जा, तू इथे नव्हतीस. माझ्या म्हाताऱ्याचं काय, पण तुला या गावात जन्म काढायचाय.’

बाहेर मिरवणुकीची माणसं जमू लागली होती. कुणीतरी कुणाला मेणबत्ती मागत होतं.

‘मी जन्म काढला,’ झेलिंदा म्हणाली. ‘ते रोज माझ्या खिडकीवरून जायचे आणि मान लववायचे. कधी डोळ्याला डोळासुद्धा भिडवला नाही, मला लाज वाटेल म्हणून. लोक त्यांच्या दारावर थुंकायचे आणि मी लेस विणायची.’

एर्मेते भिंतीला टेकला होता. काळे हात त्याने छातीशी धरले होते.

‘अजून एक आहे,’ ती म्हणाली. ‘हे तर मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. नेल्लो दार ठोठावत होता, तेव्हा हाका तुझ्या बाबांना मारत होता. सेत्तिमिओकाका, मी आहे, उघडा. मी दाराला गाल लावून उभी होते. त्याचा श्वास ऐकू येत होता मला. मी ओ दिली नाही. ओ दिली असती तर त्याला कळलं असतं, की आत मी आहे.’