तांब्यावरची नेल

माझा नवरा हार्मन तांब्याच्या पत्र्यावर समुद्रातले जीव कोरतो, मी छापांत रंग भरते. ॲमस्टरडॅममध्ये या कामाला तोटा नाही. पत्र्यावर उलटं कोरलं की कागदावर सुलट उतरतं, हे तो झोपेतही विसरायचा नाही. पण या खेपेला घाईत त्याने दिसलं तसंच कोरलं: जहाजातून आलेला ठिपकेदार शंख, आणि तो हातात धरून बसलेली आमची सहा वर्षांची नेल.

शंखाचे मालक स्टामसाहेब छाप बघून हसले.

"आल्टये, नवऱ्याला चष्मा घेऊन दे. याचं तोंड डावीकडे उघडलंय. माझ्या शंखाचं उजवीकडे आहे."

हार्मनने खजील होऊन कापसातला शंख काढला. त्याचं तोंड डावीकडे होतं.

साहेबांचं हसू गेलं. "माझा शंख परत पाहिजे," एवढंच बोलून ते निघाले.

दुपारी नेल डाव्या हाताने मासा खात होती. तिच्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर आला होता.

"हार्मन, पोरीकडे बघ."

"रंगांच्या वासाने डोकं फिरलंय तुझं," तो म्हणाला. मग त्याने बघितलं, आणि ताट तसंच टाकून उठला.

आमच्यात चुकला म्हणून कोणी पत्रा फेकत नाही. चुकलेल्या रेघा खरवडायच्या, जागा घासून गुळगुळीत करायची, तिथेच पुन्हा कोरायचं. हार्मन शंख खरवडू लागला. टेबलावरच्या शंखाचे ठिपके पुसट होत गेले. मग वेटोळी गेली, मग तोंडही.

कापसात पांढरा गोटा उरला.

"आता नीट कोरतो," तो म्हणाला. "तोही येईल सुलट, पोरही येईल."

"आधी शंख. तो आला तरच पोरीला हात लावायचा."

त्याने शंख कोरला. उलटा, अगदी बिनचूक.

गोटा गोटाच राहिला.

मी पत्रा ओढून छातीशी धरला. राहू दे माझी पोर डावखुरी. आहे तशी राहू दे.

"तिला कुठे खरवडलं नाहीस ना?"

त्याने मान खाली घातली. "शंखावर आलेली बोटं तेवढी."

स्वयंपाकघरात पेला फुटला.

"आई, हातात काही राहतच नाही गं," नेल म्हणाली.

मी तिची मूठ उघडली. बोटांना नखं नव्हती. तळहातावर एकही रेघ नव्हती.