न घेतलेलं नाव

काराकोलच्या त्या हिशेबाच्या खोलीत सकाळ घाईने येत नसे. आधी डोंगरमाथ्यावरचा बर्फ गुलाबी होई. मग खिडकीतल्या जिरेनियमच्या पानांवर उजेड थबके, आणि बऱ्याच वेळाने, संकोचलेल्या पाहुण्यासारखा, लोकरीच्या नमद्यांच्या थप्पीवरून उतरून तालायच्या टेबलाशी येई. टेबलाला दोन खुर्च्या होत्या. दुसरी संध्याकाळी भरेल, एवढ्याच आशेवर त्याचा दिवस निघे.

आज उजेडाच्या आधी नमद्यांच्या कारखान्याचे मालक केरिमबेक आले.

"साबिरा-एजेला घरी पाठवतोय. दुपारी करखात्याची माणसं येतील."

"झालं काय, बाइके?" मालकांना तालाय थोरल्या भावासारखं बाइकेच म्हणे.

"खरेदीकराच्या अहवालात लोकरीच्या तीन खरेद्या आहेत, आणि गोदामात एक पुंजका आलेला नाही! पैसे भलत्याच खात्यात गेलेत. ते खातं कोणाचं, हे बँक सांगेल तेव्हा सांगेल. नोंदी आणि करखात्याकडे गेलेली एक्सपोर्टची फाइल, दोन्ही एजेच्या नावाने."

म्हातारी साबिरा-एजे, सगळ्यांची थोरली ताई, दारातच उभी होती. उभा जन्म इथल्या हिशेबात गेलेला.

"एजे, तुमचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?"

"तुलाच रे. डोळे गेल्यापासून माझं सगळं तूच टाइप करतोस. आता पकडतोस की काय मला, फौजदारसाहेब?"

"हा मुंगीसुद्धा पकडायचा नाही!" तळलेल्या बोर्सोकची थाळी ठेवत आयझादा हसली. राजधानी बिश्केकहून आलेली ही मुलगी खरेदी सांभाळी. रोज संध्याकाळी तालायशेजारच्या खुर्चीत बसून ती म्हणे, 'अहवाल एक्सपोर्ट कसा करतोस, दाखव ना.'

तालायने संगणकावर अहवाल पुन्हा काढला. लोकरवाल्याच्या जुन्या नोंदी शेजारी लावून पाहिल्या.

"एजे, या लोकरवाल्याचं नाव काय?"

"ते... मोठ्या घरचे."

"नाव सांगा."

"मेल्या, सासऱ्यांचं नाव घ्यायला लावतोस? त्याचंही तेच नाव आहे, माहीत नाही तुला?"

तालाय मालकांकडे वळला. "करखातं व्यापाऱ्याचा कर-क्रमांक पाहतं, म्हणून नाव कसंही चालतं. या व्यापाऱ्याच्या जुन्या सगळ्या नोंदी 'मोठ्या घरची लोकर' अशा आहेत. एजे तसंच सांगतात. या तीन नोंदींतच 'तुर्दाकून' असं सरळ नाव आहे."

"मग तू टाकल्यास?"

"एजेंवर आळ घालायचा असता, तर मी जुनंच नाव लिहिलं असतं. लिहिणाऱ्याने बिलावरचं नाव उतरवलंय. ज्याच्या हाती बिलं येतात, मी पासवर्ड टाकताना जो शेजारी असतो, आणि ज्याला एजेंची ही रीत ठाऊक नाही, असा माणूस इथे एकच आहे."

आयझादाने थाळी उगाच सरळ केली.

"शहरात कोण पाळतं हे असलं?" ती पुटपुटली.

केरिमबेक तिला बाहेर घेऊन गेले. एजेने तालायच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

उजेड आता रिकाम्या खुर्चीवर आला होता. तालायने ती भिंतीकडे सरकवली.

आयझादा संध्याकाळी त्याच्यासाठी कधीच थांबली नव्हती.