टाळाची लाल नाडी

शेलूबाजारच्या सप्ताहात कीर्तन ऐन रंगात आलं होतं. तेवढ्यात टाळकऱ्यांच्या रांगेतून एक टाळ निसटला... अन् घरंगळत थेट वैजयंतीच्या पायाशी. दोरी तुटली होती. तिनं पिशवीतल्या फायलीची लाल नाडी सोडली, टाळात ओवली, गाठ मारून परत दिला. टाळ घेताना टाळकरी पवननं मान तिरकी करून पाहिलं — अन् पुढचा अख्खा अभंग तिच्या कानांत शिरलाच नाही.

आठवडाभरात तो तिच्याच कचेरीत हजर! शेतकरी कंपनीची हळद दुबईला धाडायला ठेवलेला नवा माणूस.

"माही नाडी कधी देता?" ती रोज विचारायची.

"टाळ घेऊन रांगेत उभ्या राहा, मंग देतो."

लग्नाचं दोघांच्या ओठांवर होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं.

यंदा मोठा सौदा आला. अटी सुचवायचं काम वैजयंतीचं. मागच्या खेपेला 'एफओबी' धरलं होतं : जहाज खरेदीदाराचं, पण माल त्यावर चढेस्तोवर जोखीम आपली. जहाज आलं उशिरा, बंदरावर पोती भिजली, नुकसान रंगूबाईसारख्या शेतकऱ्यांच्या माथी. 'डीएपी' धरलं तर जहाज आपल्या पसंतीचं, माल खरेदीदाराच्या दारापर्यंत आपल्या हाती. पण मग दुबईत आपला माणूस हवा, काही वर्षं तरी. अन् असा माणूस एकच होता.

"एफओबीच लिहा न," पवन हळूच म्हणाला. "कोण विचारते तुमाले?"

"रंगूबाईची हळद भिजली होती. ते विचारते... डोयानं."

"मंग मलेच काहून धाडता?"

"भरवसा हाये म्हणून." ती थांबली. "अन् जीव हाये... हे सांगाले उशीर झाला."

"थांबसान?"

"घरचे थांबू देतीन तवर."

तिनं 'डीएपी' लिहिलं, पवन दुबईला गेला. घरच्यांनी थांबू दिलं नाही. सप्ताह पुन्हा आला तेव्हा धनजचं स्थळ पक्कं झालं होतं. काल्याच्या कीर्तनात तिचा फोन थरथरला. दुबईहून पवनचा निरोप : 'माल दारात पोचला. एकही पोतं ओलं नाही.'

तिनं पदरानं डोळे टिपले. देवळातल्या खुंटीवर त्याचा टाळ होता, लाल नाडीचा. वैजयंतीनं तो उतरवला अन् टाळकऱ्यांच्या रांगेत, त्याच्या जागी, उभी राहिली.

नाडी आता तिची होती. द्यायला मात्र तो नव्हता.