भाजलेले जिवाणू

कुडपणच्या माळावर मी ज्याला वाट विचारली, त्याचं तोंड राखेनं इतकं काळं झालं होतं की नुसते डोळे आणि दात दिसत होते. दातच जास्त, कारण तो हसत होता.

“प्रितम कुठे भेटतील? नाचणीवाले?”

“भेटले की! तुमी त्या पाकीटवाल्या उज्वला मॅडम ना?”

मी महाडच्या प्रयोगशाळेत पिकाला पोसणारे जिवाणू वाढवते. त्यांचं पाकीट मी प्रयोगासाठी, महाडच्या बाजाराला आलेल्या त्याच्या आईबरोबर, येसूबाईंबरोबर, वर कुडपणला पाठवलं होतं.

“टाकलंत मातीत?”

“टाकलं ना! लिवलं व्हतं तसं... वाफा तयार करताना मिसळा. मिसळलं, वर पालापाचोळा रचला, नि राब असा भाजला, असा भाजला—”

“भाजला?” मी मटकन बांधावर बसले. “अहो, जिवंत होते ते!”

त्याचा चेहरा असा पडला की रागावताच येईना. चूक माझीही होती. महाडात वाढले, तरी इथे वाफा आधी भाजतात हे लिहिताना सुचू नये!

“आता प्रयोगशाळेतले आमचे साहेब हा प्रयोग खाली, रस्त्यालगतच्या शेतात नेणार,” मी म्हटलं.

“म्हंजे... तुमी परत येनार नाय?”

त्याला नाचणीची काळजी नव्हती. खरं सांगते, मलाही नव्हती.

“एक उपाय आहे. लावणीच्या वेळी रोपांची मुळं जिवाणूंच्या पाण्यात बुडवायची. साहेबांना मी पटवते.”

पटवलं. मग कधी माती बघायला, कधी रोपं बघायला मी वर जात राहिले. दर खेपेला तो करवंदांचा द्रोण पुढे करायचा आणि नजर भलतीकडेच ठेवायचा.

आषाढात लावणी आली. दाट धुक्यात आम्ही एकाच बादलीत मुळं बुडवत होतो. पाण्यात बोटं लागायची, आणि दोघंही उगाच सॉरी म्हणायचो.

“प्रितम, रोपं बुडवतोस का मॅडमची बोटं मोजतोस रे?” येसूबाई पलीकडच्या बांधावरून ओरडल्या.

तो लाजला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, येवढं सोप्पं काम... पाकीट एसटीनं धाडलं असतंत, तरी मी केलं असतं.”

“हो, केलं असतंत.”

“मंग?”

मी बादलीतच बघत म्हटलं, “मग मी कशी आले असते?”

रोपांची जुडी त्याच्या हातातून निसटून बादलीत पडली.

“उज्वला...” मॅडम पहिल्यांदाच गळालं. “नाचणी पिकली की मी महाडला येतो. तुझ्या बाबांना भेटाय.”

“नाचणी पिकेपर्यंत दिवाळी येईल,” मी म्हटलं. “रविवारीच या.”