नाकतोड्याचा पाय

हे खोटं ठरलं तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच होईल. पण माझी सख्खी धाकटी बहीण त्या खोलीत होती, आणि तिला गोष्टी रचता येत नाहीत. तिने सांगितलं तसंच लिहितो आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती. टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं.

मेव्हणे दातांच्या कवळ्या बनवतात. घराच्या मागच्या खोलीत एका भिंतीला कवळ्यांचे साचे, आणि समोरच्या भिंतीला काचेच्या कपाटात त्यांचे किडे. जुन्या काळची प्लॅस्टिकची खेळणी. हात मागे वळवायचे, गुडघे उलटे दुमडायचे, शेवटी डोकं छातीत दाबायचं, की रोबोचा किडा होतो. भुंगा, टोळ, गांधीलमाशी. गल्लीत त्यांना किडेमास्तर म्हणतात. बहीण म्हणायची, याहून सवत परवडली असती, तिच्यावरची धूळ तरी पुसावी लागली नसती.

संग्रहातल्या नाकतोड्याला तेवढा एक पाय नव्हता.

मग भंगारवाल्याकडे दुसरा नाकतोडा मिळाला. तोंड घासलेलं, रंग उडालेला, पण अंगाने पूर्ण. अशी खेळणी जमवणाऱ्यांचा एक दंडक असतो. मोडक्याचे भाग काढावेत, धडक्याला हात लावू नये. मेव्हणे तो इतरांना ऐकवायचे.

त्या दुपारी त्यांनी धडक्याच्या कमरेतली, पाय धरून ठेवणारी पिन ठोकून काढली. पाय उपसला. आपल्या नाकतोड्याला बसवून त्याला कपाटात उभा केला.

बहीण जेवायला बोलवायला आली, तेव्हा स्वारी खूश होती.

"आणि हा लंगडा?" तिने टेबलाकडे बघत विचारलं.

"त्याचं काय? भंगारच ते."

टक्...

टेबलावर आडव्या पडलेल्या लंगड्या नाकतोड्याचा हात सावकाश मागे वळत होता.

त्याला कुणीही शिवलं नव्हतं.

टक्... टक्...

मेव्हण्यांचा हात मागे गेला. त्यांनी नेला नाही. खाटीक सांधा सोडवतो तसा आवाज करत खांद्यातून गेला. मग दुसरा. ते खुर्चीवरून कोसळले.

कमरेजवळ पँट लाल होत होती. बहिणीने कापड सरकवलं. कातडीत एक गोल, बारीक भोक होतं...

पिनेएवढं.

त्यातून रक्ताची चिळकांडी उडत होती. तिने तळहात दाबून धरला. बोटांमधून रक्त येतच राहिलं.

टक्...

खेळण्याच्या उरलेल्या पायाचा गुडघा उलटा दुमडला. मेव्हण्यांचाही. नडगी पुढून वर आली आणि मांडीला चिकटली.

ते ओरडले नाहीत. त्यांची नजर टेबलावर होती. क्रम त्यांना पाठ होता.

आता फक्त डोकं उरलं होतं.

"त्याचा पाय त्याला दे," ते म्हणाले.

बहिणीने त्या खेळण्यांना फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता. तिने कपाटातला नाकतोडा काढला आणि पाय ओढायला लागली.

"ओढू नकोस, अगं. आधी पिन. मागून ठोक."

पिन निघाली. तोवर टेबलावरचं डोकं खाली सरकू लागलं होतं. मेव्हण्यांची हनुवटी छातीत रुतत चालली. मान करकरली. जन्मभर लोकांचे दात बसवले त्या माणसाचे स्वतःचे दात एकमेकांवर दाबून फुटले, आणि तुकडे रक्ताबरोबर ओठांवर आले.

तिने पाय लंगड्याच्या खाचेत घातला. भोकावर पिन धरली. हातोडी मारली.

मेव्हणे किंचाळले. घाव पिनेवर पडला होता, लागला त्यांच्या कमरेत.

तिचा हात थांबला.

"अहो, तुम्हाला लागतंय."

फुटक्या दातांतून एकच शब्द आला. "ठोक."

ती ठोकत राहिली. डोळे मिटले असते तर नेम चुकला असता, म्हणून तिने मिटलेही नाहीत. प्रत्येक घावाला नवऱ्याचं अंग फरशीवरून उडताना तिने पाहिलं.

पिन बसली...

आवाज थांबला. कमरेतलं रक्तही.

तिने खेळण्याचं डोकं चिमटीत धरून वर काढलं, तेव्हा मेव्हण्यांनी श्वास घेतला. खेळण्याचे हात पुढे आणले, तेव्हा त्यांचे हात पुढे आले. मग तिने गुडघ्यावर जोर दिला.

प्लॅस्टिकवर एक बारीक पांढरी रेघ उमटली. जुनं प्लॅस्टिक तुटायच्या आधी असं पांढरं पडतं.

"थांब," मेव्हणे म्हणाले.

गुडघा तसाच राहिला.

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हापुन्हा काढले. हाड कुठेच मोडलेलं नाही म्हणाले. हा सांधा जन्मापासून असाच असणार.

ते खेळणं ती कापसात ठेवते. दुपारी काढते, गुडघ्यावर बोट टेकवते, आणि पुन्हा ठेवून देते. परवा मी गेलो, तर तिने ते माझ्यापुढे धरलं.

"दादा, तू बघतोस का? तू जपून करशील."

माझे हात हल्ली थरथरतात. तिला कुणी दुसरं सुचलं नसावं. नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मी ते तळहातावर घेतलं.

आतल्या खोलीत मेव्हण्यांची खाट करकरू लागली...

थांबेना.

माझे हात थरथरत होते, त्याच लयीत.

मी खेळणं कापसात ठेवलं. खाट गप्प झाली. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी चपला शोधू लागलो.

त्यानंतर तिचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.