नेगेटिव्हचं कपाट

दिवा मोठा करू नका, असू दे तसाच. आणि तो मोबाईल उलटा ठेव बरं, उजेड डोळ्यांवर येतोय. ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची आहे, आणि त्यातली निम्मी मी स्वतः तिथे उभं राहून पाहिली आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

गेल्या वर्षीची सोळा नोव्हेंबर. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी मला फोन आला. माझ्या फ्रेमच्या दुकानाला लागून फोटो स्टुडिओ आहे ना, त्याच्या मालकाचा. म्हणाला, आई गेली, संध्याकाळी सातला. वय झालं होतं, त्रास न होता गेली. सकाळी लोक येतील, मोठा फोटो हवाय. मी प्रिंट काढतो, तुम्ही तेवढी फ्रेम करून द्या. आता शेजारधर्म म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? चपला घातल्या आणि निघालो.

दुकान उघडलं, लाकडी पट्टी काढली, चार तुकडे कापले. भिंतीपलीकडे त्याच्या कॉम्प्युटरची घरघर ऐकू येत होती.

पण पुढचं सांगण्याआधी तुम्हाला पेन्सिलकाका माहीत हवेत. तुम्ही लोकांनी फिल्म पाहिलेलीच नाही. फोटो आधी फिल्मवर उलटा उमटायचा, गोरा माणूस काळा आणि काळे केस पांढरे. ते नेगेटिव्ह. त्याच्यावर पेन्सिलकाका त्या स्टुडिओत काम करायचे. खालून दिवा लावलेली काच, डोळ्याला भिंग, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. नखाएवढ्या चेहऱ्यावरचे मुरुम, व्रण, सुरकुत्या बुजवत बसायचे. आधी डोळ्यांखाली, मग कपाळ, शेवटी ओठांचे कोपरे. एकतीस वर्षांत हा क्रम कधी चुकला नाही. म्हणायचे, अर्ध्या शहराला मी देखणं केलंय, पण आरशाची जबाबदारी माझी नाही.

मग कॉम्प्युटर आला. काकांना एका चेहऱ्याला दुपार लागायची, ते काम चुटकीसरशी व्हायला लागलं. मालकाचंही पोट होतं, मी नाकारत नाही. फिल्म धुवायला कुणी फिरकत नव्हतं. पण माणसाला जायला सांगायची काही रीत असते की नाही? याने काकांना दारातच सांगितलं, उद्यापासून येऊ नका, तुमच्या टेबलाच्या जागी प्रिंटर बसवायचाय.

 काकांनी फक्त एक गोष्ट मागितली. त्यांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली होती. तिचा एकुलता एक फोटो, याच स्टुडिओत मालकाच्या वडिलांनी काढलेला. त्याच सुमारास घरच्या भिंतीच्या ओलीने तो काचेला चिकटला आणि काका फ्रेम घेऊन माझ्याकडे आले. मी कोमट पाणी घातलं, पात्याने हळूहळू सोडवला. साडी निघाली, हात निघाले. चेहरा तेवढा काचेवरच राहिला आणि खरवडला गेला… माझ्या हातून. 

मी म्हटलं, काका, नेगेटिव्ह आहे ना. स्टुडिओत लोखंडी कपाट होतं, चाळीस वर्षांची नेगेटिव्हं पाकिटात घालून ठेवलेली. काकांनी मालकाला विचारलं. तो म्हणाला, बघू सवडीने. मीच शोधतो, किल्ली द्या, असं काका म्हणाले, तर म्हणे उद्या. अकरा दिवस तो म्हातारा स्टुडिओबाहेरच्या बाकावर येऊन बसत होता. बाराव्या दिवशी कपाट रिकामं.

जुन्या फिल्ममध्ये चांदी असते. ती काढणारे लोक येतात, पोत्यात भरून नेतात, औषधात धुतात. याने एकही पाकीट न उघडता सगळं कपाट देऊन टाकलं. त्यात त्याच्या स्वतःच्या घरचीही नेगेटिव्हं होती. फोटोवाल्याच्या घरी अल्बम नसतो रे. नेगेटिव्ह आहे की, काढू कधीतरी, अशीच सगळ्यांची सवय.

काका त्या रिकाम्या कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मी दारात होतो. मग वळून, आवाज न चढवता म्हणाले, "मालक, माझं माणूस तुम्ही धुऊन टाकलंत. तुमचंही जाईल."

मालकाने खांदे उडवले. दोन महिन्यांत काका गेले. त्याला आता अकरा वर्षं झाली. घाई त्या माणसाला कधी माहीतच नव्हती.

तर त्या रात्री. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. भिंतीपलीकडून त्याने हाक मारली, "दादा, जरा इकडे या."

मी गेलो. पडद्यावर त्याच्या आईचा फोटो, चेहरा मोठा केलेला. तो खुर्ची मागे सरकवून बसला होता. दोन्ही हात मांडीवर.

"मी हात लावत नाहीये," तो म्हणाला.

डोळ्यांखालची एक सुरकुती गेली. मग दुसरी. सावकाश, एकेक करून. मग कपाळ. मी बघत होतो. मला पुढचं माहीत होतं…

ओठांचे कोपरे.

तिथे थांबायला हवं होतं. काका तिथेच थांबायचे. ते थांबलं नाही. भुवया गेल्या. ओठ गेले. डोळे… आधी डावा. मग उजवा.

केस होते. कान होते. मधे काहीच नव्हतं.

त्याने दुसरा फोटो उघडला. कोरा. तिसरा. कोरा. लग्नातला, दहा माणसांचा. नऊ चेहरे हसत होते. त्याने घरी बहिणीला फोन लावला, तुझ्या मोबाईलमधले आईचे फोटो बघ म्हणाला.  पलीकडे ती रडायला लागली.

तो उठला आणि पळतच सुटला. मीही मागे. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. आतल्या खोलीत आईला ठेवलं होतं. त्याने चेहऱ्यावरची चादर काढली.

चेहरा होता. सगळा होता. ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या, मिटलेले डोळे. तो लहान मुलासारखा रडला. सकाळी हेही राहणार नव्हतं. एवढा एकच फोटो काढायचा, मग काही नको, असं पुटपुटत त्याने मोबाईल काढला.

काढला फोटो.

आणि बघतच राहिला.

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. उशी तीच. चादर तीच. चेहरा… पंचवीस वर्षांच्या एका बाईचा. ओठाच्या वर तीळ. डोळे उघडे. सरळ आमच्याकडे.

त्याने परत काढला. तीच. माझ्या मोबाईलवर काढला. तीच.

खाली बघितलं तर आई तशीच, डोळे मिटून.

तिला त्याने ओळखलं नाही. कुठून ओळखणार? पाकीट त्याने उघडलंच नव्हतं. मी ओळखलं. तो फोटो पहिल्यांदा मीच फ्रेम केला होता, आणि तो चेहरा मीच खरवडला होता.

मी गप्प राहिलो. भीतीने म्हणा. पण खरं सांगतो, निव्वळ भीती नव्हती. त्या बाकावरचे अकरा दिवस मी माझ्या दुकानातून पाहिले होते.

सकाळी सगळं आटोपलं. आईला पोचवून आलो. दुपारी तो माझ्याकडे आला, हातात एक मोठा प्रिंट. त्याचा चेहरा शांत होता. म्हणाला, फ्रेम करा दादा, आईचा तरुणपणीचा सापडला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो थट्टा करत नव्हता. मागून बहीण आली. तिने फोटोवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा तीळ किती शोभायचा ना आईला."

त्यांच्या आईला तीळ नव्हता.

मी फ्रेम केली. त्याच्या बाहेरच्या खोलीत आहे, उद्या जाऊन बघा. रोज सकाळी तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहतो. ती कोण, हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

फक्त एक आहे. काकांच्या घरासारखीच बाकी सगळ्या भिंतींना ओल येते त्याच्या. त्या फोटोमागची भिंत कोरडी असते.